गर्भनिरोधक गोळीची कुळकथा

कोणत्याहि नव्या औषधाचा गुण आणि दोष हे एकाच वेळीं आणि एकाच मापानें कळून येत नाहींत. गुण लवकर कळतो. शंभर रोग्यांना औषध दिलें आणि नव्वद बरे झाले, तर तें दिसावयास फारसा वेळ लागत नाहीं. परंतु जो दोष दहा हजारांत पांचसात जणांनाच बाधतो, तो शंभर माणसांत दिसावा कसा? तो दिसण्यासाठीं तें औषध आधीं लाखों लोकांच्या पोटांत जावें लागतें, आणि तोंवर त्या दोषाची किंमत कांहीं थोड्यांनीं नकळत चुकती केलेली असते. संततिनियमनाची गोळी हा ह्या सत्याचा विसाव्या शतकांतील सर्वांत ठळक दाखला होय. येथें तर औषध घेणारी व्यक्ति आजारीहि नव्हती. ती धडधाकट तरुण स्त्री होती, आणि गोळी तिनें वर्षानुवर्षें घ्यावयाची होती. निरोग्याला दिलेल्या औषधाच्या जोखमीचा हिशेब रोग्याच्या औषधापेक्षां अधिक काटेकोर असला पाहिजे, हें उघड आहे. तो हिशेब कोणीं मांडला, केव्हां मांडला, आणि ज्यांच्या देहावर तो मांडला गेला त्यांना तो केव्हां सांगण्यांत आला, हीच ह्या गोळीची कुळकथा आहे.

गोळी येण्यापूर्वीं संततिनियमनाचीं साधनें नव्हतीं असें नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून हा विषय मराठी घरांत नेला. अमेरिकेंत हेंच कार्य मार्गारेट सँगर करीत होत्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत त्यांनीं १९१६ सालीं दवाखाना उघडला, तो पोलिसांनीं बंद केला आणि सँगरबाईंना तुरुंगवास घडला. १९३५ च्या डिसेंबरांत त्या वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. स्त्रीवर पडणाऱ्या बाळंतपणांच्या ओझ्याविषयीं दोघांचें दुमत नव्हतें. उपायाविषयीं मात्र होतें. गांधीजींना संयमाचा मार्गच मान्य होता. ज्या स्त्रीचा नवरा संयम पाळीत नाहीं तिनें काय करावें, हा सँगरबाईंचा प्रश्न होता. त्या काळचीं साधनें ऐन वेळीं वापरावयाचीं, कित्येकदां नवऱ्याच्या राजीखुषीवर अवलंबून असणारीं. स्त्रीला एकटीला, कोणाच्या परवानगीवांचून, पाण्याबरोबर गिळतां येईल असें कांहीं निघावें, ही सँगरबाईंची फार दिवसांची इच्छा होती.

ह्या इच्छेला शास्त्राचा आधार निराळ्याच दिशेनें मिळत गेला. गरोदरपणांत स्त्रीच्या बीजांडकोशांतून नवें बीज सुटत नाहीं, ही निसर्गाचीच योजना आहे. इन्सब्रुक येथील ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ लुडविग हाबरलांट यांनीं गाभण सशांचा बीजांडकोश दुसऱ्या माद्यांच्या अंगांत बसविला, आणि त्या माद्या कांहीं काळ गाभण राहात नाहींत असें १९२१ सालीं जाहीर केलें. ह्याचा अर्थ असा कीं, गरोदरपणाचा संदेश रक्तांतून पोंचविला तर देह फसतो आणि बीज सोडणें थांबवितो. हा संदेश देणारें द्रव्य म्हणजे प्रोजेस्टेरॉन. परंतु तें प्राण्यांच्या देहांतून काढणें अतिशय खर्चाचें होतें, आणि तोंडानें घेतल्यास त्याचा बराचसा भाग वायां जाई. खर्चाची अडचण रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें दूर केली. मेक्सिकोंतील एका रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन स्वस्तांत तयार होतें हें त्यानें दाखविलें, आणि १९४४ सालीं मेक्सिको शहरांत सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. तेथेंच १५ ऑक्टोबर १९५१ रोजीं कार्ल जेरासी, जॉर्ज रोझेनक्रान्झ आणि लुइस मिरामोंतेस यांच्या प्रयोगशाळेंत नॉरएथिस्टेरॉन हें तोंडानें घेतलें तरी गुण देणारें द्रव्य सिद्ध झालें. लवकरच सर्ल कंपनींतील फ्रँक कोल्टन यांनींहि तसेंच दुसरें द्रव्य, नॉरएथिनोड्रेल, बनविलें. श्रोत्यांना आश्चर्य वाटेल, पण सिंटेक्समधील मंडळींचें लक्ष त्या वेळीं संततिनियमनाकडे नव्हतेंच; पाळीच्या विकारांवर औषध शोधावें एवढाच त्यांचा हेतु होता.

इच्छा आणि शास्त्र यांची गांठ पैशानें घातली. १९५३ च्या जूनमध्यें सँगरबाई आपल्या मैत्रीण कॅथरिन मॅक्कॉर्मिक यांना घेऊन मॅसॅच्युसेट्स प्रांतांत ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाकडे गेल्या. मॅक्कॉर्मिकबाई १९०४ सालच्या जीवशास्त्राच्या पदवीधर आणि मोठ्या इस्टेटीच्या मालकीण. पुढील वर्षांत त्यांनीं ह्या कामासाठीं सुमारें वीस लाख डॉलर दिले. जगाचा व्यवहार बदलणारें हें संशोधन मुख्यत्वें एका बाईच्या खासगी पैशावर झालें. त्याच १९५३ च्या ऑक्टोबरांत कर्वे निवर्तले. पिंकस आणि त्यांचे सहकारी मिन चुएह चांग यांनीं प्राण्यांवर प्रयोग केले. बॉस्टनचे नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक, हे स्वतः श्रद्धाळू कॅथलिक असतांहि, त्यांना मिळाले, आणि त्यांनीं पन्नास स्त्रियांवर ह्या द्रव्यांची परीक्षा घेतली.

परंतु मॅसॅच्युसेट्समध्यें गर्भनिरोधक साधन देणें हाच कायद्यानें गुन्हा होता. म्हणून मोठा प्रयोग अमेरिकेच्या ताब्यांतील प्वेर्तो रिको ह्या कॅरिबियन बेटावर करण्याचें ठरलें. बेट दाट वस्तीचें आणि दरिद्री. तेथें १९३७ पासून संततिनियमनास कायद्याची मोकळीक होती. १९५६ च्या एप्रिलांत रिओ पिएद्रास येथें, झोपडपट्टींतून उठविलेल्या कुटुंबांसाठीं बांधलेल्या नव्या वसाहतींत, प्रयोगास आरंभ झाला. बायका आपण होऊन आल्या, कारण पोरांच्या लेंढाराला त्या कंटाळल्या होत्या आणि शस्त्रक्रियेवांचून दुसरा खात्रीचा उपाय त्यांच्यापाशीं नव्हता. गोळीनें दिवस राहात नाहींत एवढें त्यांना सांगण्यांत आलें. हा प्रयोग आहे आणि त्यांत काय अपाय संभवतो हें अद्यापि कोणासच ठाऊक नाहीं, ही दुसरी बाजू त्यांच्यापुढें नीट मांडली गेली नाहीं. तसें सांगण्याचें बंधन अमेरिकन कायद्यानें १९६२ सालीं घातलें.

प्रयोगाची व्यवस्था डॉ. एड्रिस राइस-रे या बाईंकडे होती. त्यांनीं दिलेला अहवाल दुहेरी होता. नियमानें घेतल्यास गोळी हमखास गुण देते, असें त्यांत होतें. आणि शेंकडा १७ स्त्रियांना मळमळ, वांती, घेरी, डोकेदुखी किंवा पोटदुखी जडते, तेव्हां सर्वसामान्य वापरास ती योग्य नाहीं, असेंहि होतें. पहिलें वाक्य शास्त्रज्ञांनीं उचलून धरलें. दुसऱ्याविषयीं, ह्या तक्रारी बऱ्याच अंशीं मनाच्या असाव्या, असें पिंकस यांचें मत पडलें.

ह्याच सुमारास एक चमत्कारिक गोष्ट घडली. सुरुवातीच्या गोळ्यांत नॉरएथिनोड्रेलबरोबर मेस्ट्रानॉल हें इस्ट्रोजेन वर्गांतील द्रव्य अल्प प्रमाणांत मिसळलेलें आहे असें आढळलें. ही अशुद्धता काढून टाकतांच स्त्रियांना मध्येंच रक्तस्राव होऊं लागला. तेव्हां तें द्रव्य पुन्हां, आतां मोजून, घालण्यांत आलें. दोन संप्रेरकांची संयुक्त गोळी म्हणतात ती अशी जन्मास आली. पाळी सुरळीत ठेवणारें हें इस्ट्रोजेनच पुढें सर्वांत मोठ्या धोक्याचें मूळ ठरावयाचें होतें. पण त्या दिवशीं तें कोणाच्या ध्यानीं येण्याचें कारण नव्हतें.

'एनोव्हिड' ह्या नांवानें ती गोळी १९५७ सालीं पाळीच्या विकारांसाठीं आणि १९६० सालीं उघडपणें संततिनियमनासाठीं अमेरिकन सरकारनें मंजूर केली. मंजुरीचा आधार होता ८९७ स्त्रियांचा आणि त्यांच्या १०,४२७ पाळ्यांचा. वर्षाच्या तेरा पाळ्या धरल्या, तर ही माहिती आठशें स्त्रियांनीं एकेक वर्ष गोळी घेतल्याइतकी होते. गुण सिद्ध करावयास ती भरपूर होती. कारण साधन न वापरणाऱ्या आठशें तरुण विवाहितांपैकीं बहुतेकींना वर्षाच्या आंत दिवस राहिले असते, आणि येथें जवळजवळ कोणासच राहिले नाहींत. परंतु वर्षाकांठीं दहा हजारांत पांचदहा जणींना होणारा विकार ह्या आठशेंत एकदां दिसला तर दिसला, नाहीं तर नाहीं. मंजुरी देणारे बेपर्वा होते असें म्हणण्यापेक्षां, त्यांच्या हातीं असलेली चाळण त्या धोक्यासाठीं फार मोठ्या भोंकांची होती, असें म्हणणें न्यायाचें होईल. १९६२ अखेर अमेरिकेंत सुमारें बारा लाख स्त्रिया गोळी घेत होत्या. खरा प्रयोग आतां सुरू झाला होता.

त्याची पहिली खूण इंग्लंडांत दिसली. १९६१ सालीं जॉर्डन या डॉक्टरांनीं 'लॅन्सेट' पत्रांत एक टिपण प्रसिद्ध केलें: एनोव्हिड घेणाऱ्या चाळीस वर्षांच्या एका परिचारिकेच्या फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकली होती. एका उदाहरणावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. पण अशीं पत्रें येऊं लागलीं, आणि तेव्हां सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून गाजलेले रिचर्ड डॉल यांनीं मार्टिन व्हेसी यांच्यासह प्रश्न हातीं घेतला. दुसरें कोणतेंहि कारण नसतां शिरांत गुठळी होऊन रुग्णालयांत आलेल्या ५८ स्त्रियांपैकीं २६ जणी गोळी घेणाऱ्या निघाल्या. दुसऱ्या आजारांसाठीं आलेल्या ११६ जणींत अशा केवळ १० होत्या. हा निष्कर्ष १९६८ चा. त्याच वर्षीं विल्यम इनमन व व्हेसी यांनीं मृत्यूंचा हिशेब दिला. गुठळीनें मरण येण्याचें प्रमाण वीस ते चौतीस वयाच्या स्त्रियांत, गोळी न घेणाऱ्यांपैकीं दर लाखास ०.२, तर घेणाऱ्यांत १.५ होतें, पस्तीस ते चव्वेचाळीस वयांत तेंच ०.५ आणि ३.९ होतें. धोका थोडा होता, पण खरा होता, आणि कित्येक पटींनीं वाढलेला होता.

कारणहि हळूहळू उलगडलें. पोटांतून यकृतांत पोंचलेल्या इस्ट्रोजेनमुळें रक्त गोठविणारीं द्रव्यें अधिक तयार होतात आणि गोठण्यास आवर घालणारीं कमी पडतात. मग इस्ट्रोजेन कमी केलें तर? १९६९ च्या डिसेंबरांत ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनें डॉक्टरांना कळविलें कीं, ५० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या देऊं नयेत. एनोव्हिडच्या पहिल्या गोळींत तें १५० होतें.

ह्या साऱ्या चर्चा डॉक्टरांच्या पत्रांतून चालल्या होत्या. गोळी गिळणाऱ्या स्त्रीच्या कानीं त्यांतलें फारच थोडें जाई. १९६९ सालीं बार्बरा सीमन या पत्रकार बाईंनीं गोळीच्या अपायांवर पुस्तक लिहिलें, आणि तें वाचून सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनीं १९७० च्या जानेवारींत अमेरिकन सिनेटमध्यें जाहीर चौकशी मांडली. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ एकामागून एक साक्ष देत होते. साक्षीदारांत गोळीनें अपाय झालेली एकहि स्त्री नव्हती. तेव्हां प्रेक्षकांत बसलेल्या तरुणी, त्यांत ॲलिस वुल्फसन या पुढें होत्या, उभ्या राहून विचारूं लागल्या कीं, ज्यांनीं गोळी घेतली त्यांना येथें कां बोलावलें नाहीं, आणि अपाय ठाऊक असतां आम्हांस तो कां सांगितला नाहीं. त्या दिवसांत झालेल्या एका पाहणींत, आपल्या डॉक्टरांनीं धोक्याची कल्पना दिली नव्हती असें गोळी घेणाऱ्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश स्त्रियांनीं सांगितलें.

परिणाम असा झाला कीं, गोळीच्या पाकिटाबरोबर खुद्द स्त्रीसाठीं माहितीपत्रक द्यावें असा नियम त्याच वर्षीं निघाला. डॉक्टर व रुग्ण यांच्यामध्यें सरकारनें येऊं नये, असें म्हणून वैद्यक-व्यवसायांतून त्यास विरोध झाला, आणि मूळचा लांब मसुदा कापून अगदीं आटोपता करण्यांत आला. सविस्तर पत्रक १९७८ पासून मिळूं लागलें. तरीहि ती कागदाची चिठ्ठी क्षुल्लक नव्हे. औषधाचा दोष जाणून घेण्याचा हक्क औषध घेणाऱ्याचा आहे, ही गोष्ट तिनें मान्य करविली.

चौकशीमुळें गोळी संपली नाहीं, ती सुधारली. अमेरिकेंत ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या १९८८ पर्यंत बाजारांतून गेल्या, आणि आजच्या बहुतेक गोळ्यांत तें २० ते ३५ असतें. युरोपीय औषध संस्थेनें मांडलेला हिशेब असा: गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांत वर्षाला सुमारें दोघींना शिरेंत गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्यांत पांच ते सात जणींना, आणि ड्रॉस्पिरेनोन, डेसोजेस्ट्रेल यांसारखीं नवीं द्रव्यें असलेल्या गोळ्यांवर नऊ ते बारा जणींना. म्हणजे नवें तें अधिक निर्धोक असें नाहीं. पण हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, गरोदरपणांत आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हाच धोका गोळीच्या धोक्याहून मोठा असतो.

हा दुसरा अर्धा हिशेब विसरला तर काय होतें, तेंहि इंग्लंडांतच दिसलें. १९९५ च्या ऑक्टोबरांत कांहीं नव्या गोळ्यांनीं गुठळीचा धोका दुप्पट होतो, अशी सूचना सरकारी समितीनें डॉक्टरांना दिली. वृत्तपत्रांनीं 'दुप्पट' एवढाच शब्द उचलला. कशाच्या दुप्पट, हें मागें पडलें. कित्येक स्त्रियांनीं महिन्याच्या मध्यांतच गोळी टाकली, आणि पुढच्या वर्षीं इंग्लंड व वेल्समध्यें गर्भपातांची संख्या लक्षांत येण्याइतकी वाढली. धोका लपविल्यानें जसें नुकसान होतें, तसेंच तो मापावांचून सांगितल्यानेंहि होतें.

कर्करोगाचा हिशेब त्याहून गुंतागुंतीचा आहे. १९९६ सालीं ५४ अभ्यास एकत्र करून असें आढळलें कीं, गोळी चालू असतां स्तनाच्या कर्करोगाचा संभव सुमारें एक चतुर्थांशानें वाढतो, आणि ती सोडल्यावर दहा वर्षांत ही वाढ नाहींशी होते. दीर्घकाळ घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोगहि कांहींसा वाढतो. उलट बीजांडकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी होतो, आणि हें संरक्षण गोळी सोडल्यावरहि अनेक वर्षें टिकतें. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या संघटनेनें १९६८ पासून सुमारें ४६ हजार स्त्रियांची नोंद ठेविली. त्यांत गोळी घेणाऱ्यांचे जादा मृत्यु मुख्यतः पस्तिशी ओलांडलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांत आढळले. आणि २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, गोळी कधींहि न घेतलेल्यांपेक्षां घेतलेल्यांत एकंदर मृत्यूचें प्रमाण किंचित कमीच निघालें.

ह्या साऱ्या अनुभवांतून कांहीं साधे नियम बनले आहेत. पस्तिशीनंतर धूम्रपान करणारी, रक्तदाब फार वाढलेली, पूर्वीं गुठळी झालेली, स्तनाचा कर्करोग असलेली, किंवा डोळ्यांपुढें प्रकाशरेषा चमकून अर्धशिशी उठणारी स्त्री, हिला ही गोळी देऊं नये. अंगावर पाजणाऱ्या बाळंतिणीला पहिले सहा आठवडे तर मुळींच नाहीं, आणि सहा महिनेपर्यंत शक्यतों नाहीं. गुणाविषयींहि अशीच मर्यादा आहे. एकहि दिवस न चुकतां घेतल्यास वर्षाला हजारांत तिघींनाच दिवस राहतात. परंतु रोजच्या संसारांत गोळी विसरते, संपते, उलटून पडते, आणि प्रत्यक्ष अनुभव शंभरांत सुमारें सात जणींचा आहे. क्षयावरील रिफॅम्पिसिन हें औषध चालू असतां तर गोळीचा गुण उणावतो. क्षयाचे रोगी जेथें पुष्कळ, त्या भारतासारख्या देशांत ही गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे.

भारतानें सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ सालींच, जगांत सर्वांच्या आधीं, सुरू केला. पण येथें गोळीपेक्षां शस्त्रक्रियेचाच मार्ग रुळला. सरकारी दवाखान्यांत फुकट मिळणारी 'माला-एन्' आणि अल्प किंमतीची 'माला-डी' ह्या संयुक्त गोळ्याच आहेत: २१ गोळ्या संप्रेरकांच्या, प्रत्येकींत इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम, आणि ७ लोहाच्या. तथापि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत, विवाहित स्त्रियांपैकीं शस्त्रक्रिया झालेल्या शेंकडा ३८ आणि गोळी घेणाऱ्या केवळ ५ आढळल्या. जी गोळी स्त्रीला आपल्या मर्जीनें सुरू करतां येते आणि मर्जीनेंच थांबवितां येते, ती न घेतां कायमचा उपाय पत्करण्यामागें अनेक कारणें असतील. पण वजनाच्या व वांझपणाच्या ऐकीव भीतीनें गोळी टाळणारी, आणि रक्तदाब एकदांहि न मोजतां दुकानांतून ती आणणारी, ह्या दोन्ही स्त्रियांपुढें हिशेबाचा कागद कोणीं उलगडून ठेविलेला नसतो, हें मात्र खरें.

रिओ पिएद्रासच्या स्त्रियांनीं ज्या गोळीचे हाल सोसले ती आतां राहिली नाहीं. तिच्यांतील इस्ट्रोजेन उतरलें, तें त्यांच्या मळमळीच्या तक्रारी ऐकून नव्हे. त्यांच्यानंतर आलेल्या लाखों जणींच्या नोंदी कोणीं तरी चिकाटीनें ठेविल्या आणि कांहीं जणींनीं उभें राहून जाब विचारला म्हणून. रिओ पिएद्रासला गोळी सोडून जाणाऱ्या ज्या बाईची तक्रार मनाचा खेळ म्हणून बाजूला ठेवण्यांत आली, ती खरें तेंच सांगत होती.